तोतरेपणावर उपचार आणि संशोधन : स्पीच थेरपिस्टला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात स्पीच थेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेक जण बोलताना अडखळणारे असतात: अडीच वर्षांच्या मुलापासून नोकरीत स्थिरावलेल्या माणसांपर्यंत. पहिल्या भेटीआधी लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे लिहिली आहेत. काही प्रश्न माझ्या शिक्षणाबद्दल आणि कामाबद्दल आहेत, काही तोतरेपणाबद्दल. एकाचं उत्तर दुसऱ्याशिवाय नीट देता येत नाही, म्हणून ते वेगळे केलेले नाहीत.

तुम्ही डॉक्टर आहात का? तुमचं शिक्षण काय?

मी एमबीबीएस नाही. औषध लिहून देत नाही, शस्त्रक्रिया करत नाही. बीएएसएलपी ही पदवी मी पुण्यात भारती विद्यापीठात घेतली. कान आणि वाचा या दोन्ही विषयांचा हा चार वर्षांचा अभ्यासक्रम असतो आणि त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं असतं. नंतरचं पदव्युत्तर शिक्षण म्हैसूरला, अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत झालं. १९६५ साली सुरू झालेली ही संस्था आपल्या देशात या क्षेत्राचं माहेरघर आहे.

भारतात स्पीच थेरपी करायची तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी लागते. १९९२ च्या कायद्याने ही व्यवस्था आली. नोंदणी झालेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो. तो विचारायला संकोच करू नका. मला विचारा, दुसऱ्या कुणाकडे जात असाल तर त्यांनाही विचारा. "व्हॉइस कोच", "स्पीच एक्स्पर्ट" अशा पाट्या लावायला कुठलीच पदवी लागत नाही, आणि कर्ज काढून अशा ठिकाणी पैसे भरलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

इतक्या विषयांतून तोतरेपणाच का निवडलात?

इंटर्नशिपमध्ये एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी यायचा. राहायला पद्मावतीला. स्वारगेटहून बसने घरी जाताना तो रोज कात्रजचं तिकीट काढायचा आणि पद्मावतीला उतरायचा. 'प'वर ओठ मिटले की उघडायचे नाहीत. मागे माणसं ताटकळलेली, कंडक्टर "बोला, बोला लवकर" म्हणतोय, आणि याच्या घशातून आवाजच फुटत नाही. 'कात्रज' त्याला जमायचं. म्हणून जास्तीचे पैसे मोजून तो वर्षानुवर्षं त्याच गावाचं तिकीट घेत होता. आमच्यासमोर मात्र तो इतकं कमी अडखळायचा, की तीव्रता मोजण्याच्या तक्त्यावर त्याचा तोतरेपणा "सौम्य" ठरला.

जे तक्त्यावर सौम्य होतं, ते त्याच्या दिवसाचा केवढा मोठा भाग खात होतं! हॉटेलात पोहे हवे असताना उपमा मागवायचा. मित्राला फोन करायचा टाळून दोन मैल चालत जायचा. आपण जे ऐकतो आणि तो माणूस जे जगतो, यांत एवढं अंतर असलेला दुसरा विषय मला अभ्यासक्रमात दिसला नाही. तेव्हापासून मी याच कामात आहे.

अमेरिकन संशोधक जोसेफ शीहान यांनी तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली होती: ऐकू येतं ते पाण्यावरचं टोक, भीती, लाज, टाळाटाळ हे सगळं पाण्याखाली. शीहान स्वतः अडखळत बोलायचे.

तुम्ही स्वतः अडखळता का?

नाही. ही माझी मर्यादा आहे, हे मी पहिल्याच भेटीत सांगते. या शास्त्राचे पाया घालणारे बरेच जण, चार्ल्स व्हॅन रायपर, वेंडेल जॉन्सन, शीहान, स्वतः अडखळणारे होते. मी पुस्तकातून आणि माणसांकडून शिकले आहे.

पण जे मी समोरच्याला करायला सांगते, ते आधी स्वतः करते. मुद्दाम अडखळून बोलणं हा उपचाराचा एक भाग आहे. तुळशीबागेत मी दुकानदाराला "ह्या ब-ब-ब-बांगड्या कितीला?" असं विचारते, शेजारी माझ्याबरोबर आलेली मुलगी उभी असते. दुकानदार क्षणभर माझ्या ओठांकडे बघतो, मग नजर खाली बांगड्यांकडे नेतो, आणि भाव सांगतो. एवढंच होतं. त्या क्षणभराच्या नजरेने पोटात काय कालवतं ते मला दर वेळी जाणवतं, आणि तो अनुभव घेतल्याशिवाय कुणाला "जा, बोल" म्हणायचा मला अधिकार नाही असं मी मानते. मग पुढच्या दुकानात ती विचारते.

संशोधन करता म्हणजे नेमकं काय करता?

मुख्यतः ऐकते आणि मोजते. ऐकायला सोपं वाटतं, पण एका दहा मिनिटांच्या संभाषणाला आख्खी दुपार जाते.

माणूस बोलतो, ते ध्वनिमुद्रित करायचं. घरच्यांशी गप्पा, वाचन, फोन, अनोळखी माणसाशी बोलणं, असे वेगवेगळे नमुने घ्यायचे, कारण एकाच माणसाचं अडखळणं जागेनुसार आणि दिवसानुसार कमालीचं बदलतं. मग प्रत्येक सिलॅबल, म्हणजे तोंडातून एका झटक्यात बाहेर पडणारा शब्दाचा तुकडा, मोजायचा आणि त्यातल्या किती ठिकाणी बोलणं अडलं, ते टिपायचं. अडलं म्हणजे कसं, तेही: ध्वनी परत परत आला (क-क-कसं), लांबला (स्ससांग), की पूर्ण बंद पडला. बंद पडण्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. ब्लॉक कानाला ऐकूच येत नाही. तो जबड्यात, मानेत, मिटलेल्या डोळ्यांत दिसतो, म्हणून व्हिडिओ लागतो. शेवटी तोच व्हिडिओ दुसऱ्या एका सहकाऱ्याने स्वतंत्रपणे मोजायचा. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर मोजणी विश्वासार्ह नाही.

मराठीत हे करताना वेगळ्या अडचणी येतात, आणि मला सगळ्यात रस आहे तो त्यांतच. तीव्रता मोजण्याच्या प्रचलित कसोट्या बहुतेक इंग्रजी भाषकांवर बेतलेल्या आहेत. सर्वांत जास्त वापरली जाणारी कसोटी ग्लिंडन रायली यांनी १९७२ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. आपण ती मराठीला लावायला बसलो की पहिला प्रश्न: मोजायचं काय? लिहिलेली अक्षरं मोजून चालत नाहीत. 'घर' लिहिताना दोन अक्षरं, पण तोंडातून एकाच झटक्यात बाहेर पडतं. 'सदाशिव' लिहिताना चार, बोलताना तीन: स, दा, शिव. लिपीकडे बघून मोजलं तर अडखळण्याचं प्रमाण आहे त्याहून कमी दिसतं.

दुसरा प्रश्न द्विरुक्तीचा. आपण सहज म्हणतो, "हळूहळू ये", "बघता बघता संपलं", "नको नको, राहू दे". शब्द दोनदा येणं ही आपल्या बोलण्याची रीतच आहे, तिला तोतरेपणा म्हणता येत नाही. पण एखादं मूल "मला मला मला पण" म्हणतं, तेव्हा तो हट्ट आहे की अडखळणं? लय बघावी लागते, मान आणि ओठ ताणलेत का ते बघावं लागतं, आणि आईला विचारावं लागतं की एरवी हा असंच म्हणतो का. यंत्राला हे अजून कळत नाही. मराठी घरात वाढलेल्या कानाला कळतं.

तिसरं म्हणजे वाचायला देण्याचे उतारे. इंग्रजी उताऱ्याचं भाषांतर करून दिलं तर माणूस परक्या वाक्यरचनेपाशी अडतो, आणि ते अडणं तोतरेपणाच्या खात्यात जमा होतं. म्हणून मी माझ्या कामासाठी मूळ मराठीतले, रोजच्या बोलण्याच्या जवळचे उतारे तयार करून वापरते: लहानांसाठी वेगळे, मोठ्यांसाठी वेगळे.

आकडा हा संशोधनाचा एक भाग झाला. दुसरा भाग, माणसाला स्वतःला काय वाटतं. यासाठी यारस आणि क्वेसल यांनी २००६ मध्ये एक प्रश्नावली आणली, तिने आमच्या क्षेत्राचं लक्ष योग्य जागी वळवलं. अडखळल्यामुळे तुम्ही काय बोलायचं टाळता, नोकरीत, घरात, मित्रांत काय गमावता, असं ती विचारते. पद्मावतीच्या त्या मुलाला ही प्रश्नावली दिली असती तर त्याला "सौम्य" म्हणायला कुणीच धजावलं नसतं.

तोतरेपणा होतो कशामुळे?

सुरुवात बहुधा दोन ते चार-पाच वर्षांच्या वयात होते, मूल वाक्यं जोडायला लागतं तेव्हा. साधारण वीसातलं एक मूल कधी ना कधी अडखळतं. मोठ्यांमध्ये हे प्रमाण शंभरात एक एवढं राहतं.

मुळाशी मेंदूची जडणघडण आहे आणि तिच्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे. कुटुंबात कुणी अडखळणारं असेल तर शक्यता वाढते, आणि एकसारख्या जुळ्यांमध्ये दोघंही अडखळण्याचं प्रमाण इतर जुळ्यांपेक्षा जास्त दिसतं. २०१० साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत डेनिस ड्रेना यांच्या गटाने तोतरेपणाशी संबंधित तीन जनुकं दाखवली. त्या कामाची सुरुवात पाकिस्तानातल्या, पिढ्यान् पिढ्या अडखळणारी माणसं असलेल्या कुटुंबांपासून झाली होती. ही जनुकं पेशीतल्या टाकाऊ पदार्थांच्या विल्हेवाटीशी निगडित निघाली, हे कुणालाच अपेक्षित नव्हतं. अर्थात अडखळणाऱ्या थोड्याच लोकांमध्ये हे बदल सापडतात. मेंदूच्या प्रतिमा घेणाऱ्या अभ्यासांत डाव्या बाजूच्या, ऐकणं आणि बोलणं जोडणाऱ्या तंतूंमध्ये फरक दिसतो. बोलण्याच्या हालचाली वेळेवर सुरू करणाऱ्या यंत्रणेकडेही संशोधकांचं लक्ष आहे.

आता जे कारण नाही ते सांगते, कारण त्या ओझ्याखाली दबलेल्या आया मी रोज बघते. तुम्ही नोकरीला गेलात म्हणून झालं नाही. लहानपणी कुत्रा अंगावर आला म्हणून झालं नाही. शेजारच्या अडखळणाऱ्या मुलाबरोबर खेळला म्हणून लागण झाली, असंही नाही. भीती आणि ताण यांमुळे असलेलं अडखळणं वाढतं, पण तोतरेपणा त्यातून जन्माला येत नाही. बुद्धीशीही याचा काही संबंध नाही.

मग "आईवडिलांनी टोकल्यामुळे मूल अडखळतं" हे कुठून आलं?

वेंडेल जॉन्सन यांच्याकडून. विसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांचं म्हणणं फार प्रभावी होतं: मुलाचं साधं, वयाला साजेसं अडखळणं पालक "तोतरेपणा" म्हणून हेरतात, आणि त्या शिक्क्यातूनच खरा तोतरेपणा तयार होतो. पुढे पुरावा या मताच्या बाजूने उभा राहिला नाही. पण आयांना दोष देऊन ते अनेक वर्षं टिकलं.

याच विचारातून १९३९ साली आयोवा विद्यापीठात एक प्रयोग झाला. जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर तो केला. त्यातल्या काही नीट बोलणाऱ्या मुलांना "तुमचं बोलणं बिघडतंय, अडखळलात तर बोलूच नका" असं सांगितलं गेलं. ती मुलं काही पक्की तोतरी झाली नाहीत, पण बुजली, गप्प झाली, बोलायचं टाळू लागली. विद्यापीठाने २००१ मध्ये जाहीर माफी मागितली.

मी हे सविस्तर लिहिते, कारण संशोधन करणाऱ्याने हा इतिहास उशाशी ठेवून झोपायला हवं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचं ध्वनिमुद्रण लेखी परवानगीनेच होतं. मुलाच्या बाबतीत पालकांची सही पुरेशी नसते, मी मुलालाही विचारते. ते नाही म्हणालं तर रेकॉर्डर बंद, आणि त्याच्या उपचारावर त्याचा काही परिणाम होत नाही.

वेखंड उगाळून लावू का? गोट्या तोंडात धरून बोलायला लावू का? जिभेची तार कापावी लागेल का?

तिन्हींना नाही. वेखंडाने अडखळणं जात नाही. लहान मुलाच्या तोंडात गोट्या देणं धोक्याचं आहे, त्या घशात अडकू शकतात. जिभेखालचा पडदा खरोखर आखूड असेल तर त्याचा परिणाम लहान बाळाच्या दूध पिण्यावर किंवा काही उच्चारांवर होऊ शकतो, तोतरेपणाशी त्याचं नातं नाही. आजीला दुखवू नका, तिने आपल्या परीने काळजीच केली आहे. तिलाही भेटीला घेऊन या.

आमची मुलगी 'कप'ला 'तप' म्हणते. हा तोतरेपणा का?

नाही, हे बोबडं बोलणं. त्यात एका ध्वनीच्या जागी दुसरा येतो, पण बोलणं वाहतं राहतं. त्याचा उपचार वेगळा आणि बहुतेक वेळा तुलनेने सरळ असतो. काही मुलांमध्ये दोन्ही असतं, तेव्हा आधी कशाला हात घालायचा ते तपासून ठरवते.

मुलगा तीन वर्षांचा आहे. "मोठा झाला की जाईल" असं सगळे म्हणतात. थांबावं का?

सगळे अगदीच चुकीचं म्हणत नाहीत. इलिनॉय विद्यापीठात एहुद यायरी आणि निकोलिन अँब्रोझ यांनी अडखळायला नुकतीच सुरुवात झालेल्या मुलांचा कित्येक वर्षं मागोवा घेतला. त्यांतल्या साधारण तीन-चतुर्थांश मुलांचं अडखळणं काही वर्षांत आपोआप थांबलं. प्रश्न उरतो तो उरलेल्या मुलांचा, कारण तुमचं मूल कुठल्या गटात आहे हे सुरुवातीला कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

अंदाज बांधायला काही खुणा मदत करतात. घरात कुणाचा तोतरेपणा मोठेपणीही टिकलेला असेल; मुलगा असेल (मुलींमध्ये आपोआप थांबण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणूनच मोठ्यांमध्ये एका स्त्रीमागे साधारण चार पुरुष अडखळणारे दिसतात); सुरुवात साडेतीन-चारच्या पुढे झाली असेल; वर्ष होत आलं तरी कमी होत नसेल. आणि एक खूण मी सगळ्यांच्या वर ठेवते: मूल स्वतः त्रासलेलं आहे का? बोलता बोलता "जाऊ दे" म्हणून सोडून देतं का, हाताने तोंड झाकतं का, "मला बोलता येत नाही" म्हणतं का? तसं असेल तर थांबू नका, लगेच दाखवा. बाकी वेळी एकदा तपासून घ्या, म्हणजे थांबणं डोळसपणे होईल. तपासणीचा अर्थ लगेच उपचार सुरू, असा नसतो.

सहा वर्षांखालच्या मुलांसाठी मी बहुतेक वेळा लिडकोम पद्धत वापरते. सिडनीच्या एका उपनगरावरून तिला हे नाव मिळालं, मार्क ऑन्स्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती विकसित केली, आणि २००५ मध्ये तिची यादृच्छिक चाचणी, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी मुलं गटांत वाटून केलेली तुलना, प्रसिद्ध झाली. या पद्धतीत उपचार आई किंवा बाबा करतात, मी त्यांना शिकवते. रोज थोडा वेळ खेळता खेळता बोलायचं, सुरळीत बोलणं झालं की "किती छान सांगितलंस" असं मनापासून म्हणायचं, आणि अगदी क्वचित, तेही मुलाला खुपणार नाही अशा सुरात, अडलेल्या शब्दाकडे लक्ष वेधायचं. प्रमाण चुकलं तर त्याचं टोकणं होतं, म्हणून हे स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

तोवर घरी काय करायचं? "सावकाश बोल", "श्वास घे आणि सांग" हे बंद करा. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. तुम्ही स्वतः जरा संथ बोला. जेवताना एका वेळी एकानेच बोलायचं एवढा नियम घरात लागला तरी पुष्कळ फरक पडतो. मराठी घरात हा नियम पाळणं किती अवघड आहे, मला माहीत आहे.

इंग्रजी माध्यमात घातल्यामुळे झालं का? घरी एकच भाषा बोलावी का?

दोन भाषांनी तोतरेपणा होत नाही. मराठी बंद करून घरात मोडकं इंग्रजी सुरू करायचा सल्ला कुणी दिला असेल तर तो सोडून द्या. मुलाचं आजी-आजोबांशी बोलणं त्यात हरवतं आणि हाती काही लागत नाही.

आरती म्हणताना, पाढे म्हणताना अजिबात अडखळत नाही. म्हणजे एरवी नाटक करतो का?

हा प्रश्न ऐकला की मला त्या मुलाचीच बाजू घ्यावीशी वाटते. नाही, नाटक करत नाही. गाताना, सर्वांबरोबर एका सुरात म्हणताना, तालावर बोलताना, बहुतेक सगळ्या अडखळणाऱ्यांचं बोलणं मोकळं होतं. गणपतीत दहा दिवस खड्या आवाजात आरती म्हणणारा मुलगा प्रसाद वाटताना "घ्या" म्हणायला अडतो, आणि दोन्ही खरं असतं. ताल किंवा दुसऱ्यांचा आवाज बाहेरून मिळाला की शब्द कधी सुरू करायचा हे मेंदूला एकट्याने ठरवावं लागत नाही, असं याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. मेट्रोनोमच्या ठोक्यावर बोलायला लावणारे वर्ग याच गोष्टीचा फायदा घेतात. वर्गात माणूस खणखणीत बोलतो, पण बाहेर बसस्टॉपवर ठोके देणारं कुणी नसतं.

मोठ्या वयात उपयोग होतो का? तुम्ही करता काय?

होतो. पण लहान मुलाच्या उपचाराचं आणि मोठ्याच्या उपचाराचं ध्येय वेगळं असतं. मोठ्या माणसाने पंधरा-वीस वर्षं अडखळणं लपवण्याचे मार्ग शोधलेले असतात: शब्द बदलणं, "म्हणजे", "ते आपलं" असे टेकू लावणं, खोकल्याचा आव आणणं, मांडीवर हात आपटून शब्द बाहेर काढणं. या सगळ्यात जी शक्ती जाते तिचा हिशेब कुणीच ठेवत नाही. आणि जिथे शब्द बदलता येत नाही, तिथे कोंडी होते. ती जागा म्हणजे स्वतःचं नाव.

मी व्हॅन रायपर यांची पद्धत बरीच वापरते. तिच्यात अडखळू नका असं कुणी सांगत नाही; कमी ओढाताणीने अडखळायला शिकवलं जातं. आधी शब्द अडला की तो पूर्ण झाल्यावर थांबायचं, काय घट्ट झालं होतं ते तपासायचं आणि तोच शब्द सैल करून पुन्हा म्हणायचा. नंतर अडलेलं असतानाच, मध्येच, ओठ किंवा जीभ सैल सोडत बाहेर यायचं. त्यापुढे, अडणार हे जाणवताच शब्दाला आधीपासूनच हलका हात लावायचा. ऐकायला तीन पायऱ्या, प्रत्यक्षात कित्येक महिने. शब्दाची सुरुवात मऊ करणं, गती कमी करणं ही बोलणं सुरळीत करण्याची तंत्रंही शिकवते, ज्याला ती हवी असतील त्याला.

खोलीत शिकलेलं खोलीतच राहतं, म्हणून आम्ही बाहेर पडतो. मंडईत भाव विचारणं, रिक्षावाल्याला पत्ता सांगणं, अनोळखी नंबरवर फोन करून दुकान किती वाजता बंद होतं ते विचारणं. हिंजवडीत काम करणाऱ्या एकाने सकाळच्या टीम मीटिंगमध्ये पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलं, "मी अडखळतो, मला थोडा वेळ लागेल." त्याच्या मते सगळ्या उपचारातला सर्वांत कठीण भाग हाच होता, आणि सर्वांत जास्त उपयोगही त्याचाच झाला. मला ते पटतं. लपवायचं राहिलं नाही की अर्धी लढाई संपते.

किती दिवसांत पूर्ण बरं होईल? हमी देता का?

नाही. आणि जिथे "३० दिवसांत तोतरेपणा कायमचा बंद" अशी जाहिरात दिसेल तिथे पैसे भरू नका. मोठ्या माणसाचा तोतरेपणा मुळापासून नाहीसा करणारा कुठलाही उपचार आज जगात नाही. दहा दिवसांच्या शिबिरात माणूस घडाघडा बोलायला लागतो, त्याचा व्हिडिओ काढला जातो, आणि काही महिन्यांनी तो जुन्या जागी परततो. तेव्हा व्हिडिओ काढायला कुणी येत नाही. तो माणूस मात्र स्वतःलाच दोष देत बसतो, की मीच सराव कमी केला.

मी ज्याची खात्री देऊ शकते ते एवढंच: तुमची मोजणी प्रामाणिक असेल, सुरुवातीला आणि मधल्या टप्प्यांवर, उपयोग होत नसेल तर मी तसं सांगेन, आणि काय बदलायचं हे तुम्ही ठरवाल. कुणाला वधू-वर मेळाव्यात स्वतःची ओळख करून द्यायची असते, कुणाला तोंडी परीक्षा, कुणाला मुलीला रात्री गोष्ट वाचून दाखवायची असते.

गोळ्या आहेत का?

तोतरेपणासाठी म्हणून मान्यता मिळालेलं औषध नाही. चिंता किंवा नैराश्याचा वेगळा त्रास असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जरूर जा, दोन्ही उपचार बरोबरीने चालतात.

शाळेत काय सांगू?

बाईंना भेटा, चिठ्ठी पाठवू नका. मुलाला विचारूनच भेटा. माझ्या अनुभवात बहुतेक शिक्षकांना मदत करायची असते, फक्त काय करावं ते माहीत नसतं. सांगायच्या गोष्टी थोड्या आहेत. हजेरीला "हजर" ऐवजी हात वर केला तरी चालू द्या. पट क्रमांकाने धडा वाचायला लावू नका, कारण आपला नंबर जवळ येतोय हे मोजत बसलेल्या मुलाच्या कानात धड्यातलं एक वाक्यही जात नाही. त्याला आधी किंवा मध्येच अचानक बोलवा, किंवा जोडीने वाचायला द्या. तोंडी परीक्षेला घड्याळ लावू नका. पण बोलण्यातून पूर्ण सूटही देऊ नका. "तू नको, बस खाली" हे शब्द माणसं चाळिशीतही विसरत नाहीत. चिडवणाऱ्या मुलांचा बंदोबस्त मात्र त्याच दिवशी, बाईंनीच करायचा.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं का?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत वाचा आणि भाषा दिव्यांगत्व आहे. पण त्याची व्याख्या स्वरयंत्र काढणं, मेंदूच्या इजेने भाषा जाणं अशी उदाहरणं देते, तोतरेपणाचं नाव घेत नाही. प्रमाणपत्र देण्याचा अधिकार शासनाने नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा असतो, माझा नाही. मी तपासणीचा अहवाल देऊ शकते.

थेरपीशिवाय आणखी कुठे मदत मिळेल?

अडखळणाऱ्या दुसऱ्या माणसांना भेटा. आयुष्यात आपल्यासारखं बोलणारं एकही माणूस न भेटलेले कितीतरी जण माझ्याकडे येतात. २००८ पासून 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन' ही संस्था अडखळणाऱ्यांचे स्वमदत गट चालवते. तिथे कुणी शिकवत नाही, सगळे बोलतात आणि सगळे थांबून ऐकतात. २२ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय तोतरेपणा जागृती दिन असतो, त्या सुमाराला कार्यक्रमही होतात. मी माझ्या लोकांना गटात जायला सांगते, आणि स्वतः बोलावल्याशिवाय जात नाही. ती त्यांची जागा आहे.

ऑनलाइन सेशन चालतं का?

मोठ्यांचं छान चालतं, पहिली तपासणी समोरासमोर झाली तर बरं. लहान मुलांच्या बाबतीत ऑनलाइनचा भाग मुख्यतः पालकांशी होतो.

मला फोनवर बोलताच येत नाही. वेळ कशी घेऊ?

मेसेज करा, कारण सांगायची गरज नाही. घरच्या कुणी फोन केला तरी चालेल, पण तुम्ही सज्ञान असाल तर भेटीची वेळ मी तुमच्याशीच मेसेजवर नक्की करते. आणि फोन करावासा वाटला तर करा. आमच्याकडे पलीकडून आवाज आला नाही म्हणून फोन ठेवत नाहीत. फोन घेणाऱ्या ताईंना ते पहिल्या दिवशीच शिकवलेलं असतं. येताना घरी, मोकळेपणी बोलतानाचा चार-पाच मिनिटांचा व्हिडिओ आणा. मुलाचा असेल तर खेळतानाचा, त्याला सांगून काढलेला. आधी कुठे उपचार झाले असतील तर ते कागद आणा, आणि तिथे काय आवडलं नव्हतं तेही सांगा.